चिमट्याला लावलेली हळद

माझं काम काय आहे हे नातेवाइकांना समजावणं मी केव्हाच सोडून दिलं. मेंदूच्या पेशींचे फोटो काढते, एवढंच म्हणते. त्यावर एखादी आत्या नवऱ्याकडे बोट दाखवून 'आमच्या ह्यांचा काढ, आत काही आहे का बघ' म्हणते, सगळे हसतात आणि विषय जेवणाकडे वळतो. मलाही ते बरं पडतं. कारण कामाचं पुढे सांगायला गेलं की ताईंचं सांगावं लागतं, आणि ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

काम तसं समजायला कठीण नाही. मेंदूत काही मूलपेशी असतात. त्यांच्यापासून मेंदूच्या नव्या पेशी तयार होऊ शकतात. पण त्यातल्या बहुतेक नुसत्या निजून असतात. थोड्या जाग्या असतात, त्या वाढतात, एकीच्या दोन होतात. निजलेली कुठली आणि जागी कुठली हे बघून कळत नाही, दोघी सारख्याच दिसतात. म्हणून सगळीकडे त्यांना रंग लावतात. रंगानं कळतं, पण बहुतेक वेळा त्यासाठी पेशी मारावी लागते, आणि मेलेली पेशी उद्या जागी झाली असती का, हे विचारायची सोय राहत नाही. आमचा प्रयत्न रंग न लावता बघण्याचा होता. जांभळा प्रकाश टाकला की पेशीतून तिचा स्वतःचा असा एक मंद उजेड येतो. निजलेल्या पेशीत त्याचे बारीक ठिपके जरा जास्त असतात. ते ठिपके नीट पकडता आले, तर पेशीला धक्काही न लावता ती निजली आहे की जागी, हे सांगता येईल आणि उद्या तीच पेशी परत बघता येईल.

मला हे आवडायचं याचं कारण विज्ञानापेक्षा माझ्या स्वभावात होतं. कुठल्याही गोष्टीवर वरून रंग फासणं मला लहानपणापासून सहन होत नाही. आहे ते आहे तसं बघावं, असं मी विद्यार्थ्यांना ऐकवायचे, आणि ऐकवताना माझी मान जरा ताठ व्हायची.

आमची प्रयोगशाळा पैठण रस्त्याला, चितेगावच्या अलीकडे, एका छोट्या संस्थेत. दोन खोल्या. एकीत पेशी वाढवायच्या, दुसरी अंधारी, तिथे काळ्या पडद्यामागे सूक्ष्मदर्शक. संस्थेला पाणी टँकरचं. गावात नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत मोठे झालेले आम्ही लोक. त्यामुळे कुठलीही गोष्ट पुरवून वापरायची खोड अंगात मुरलेली. बाटली रिकामी करून धुवायची नाही, संपत आली की वरून भरायची. आमच्याकडे चिमटे बुडवून ठेवायची स्पिरिटची एक तपकिरी बरणी होती. ती मी त्या खोलीत आल्यापासून एकदाही पूर्ण रिकामी झालेली नव्हती.

या खोलीवर खरं राज्य ताईंचं होतं. त्या आमच्या सहायक, कंत्राटावर. अकरा महिने झाले की एक दिवसाचा खंड आणि पुन्हा अकरा महिने. माहेर सोयगावकडचं, कापसाच्या रानातलं. लग्न होऊन चितेगावला आल्या, नवरा तिथल्याच एका कारखान्यात होता. तो मूत्रपिंडाच्या आजारानं गेला तेव्हा मुलगी सातवीत होती. त्यानंतर ताईंनी प्रयोगशाळेचा डिप्लोमा केला, शहरात, उस्मानपुऱ्यात एका रक्ततपासणीच्या दुकानात काही वर्षं काढली आणि मग आमच्याकडे आल्या. माझ्याहून पाचएक वर्षांनी लहान, पण मी त्यांना ताईच म्हणायचे आणि त्या मला मॅडम.

हात असा की बघत राहावं. आमच्या पेशी नखाएवढ्या गोल काचेवर वाढवतात. ती काच कागदाहून पातळ. विद्यार्थ्यांच्या हातून दहातल्या तीन तरी फुटायच्या. ताई चिमटा स्पिरिटात बुडवायच्या, एकदा झटकायच्या, आणि एकामागून एक काच उचलून बशीत ठेवत जायच्या, पीठ मळलेल्या हातानं लाट्या करून ठेवाव्यात तशा बिनआवाज. आधी निजवायच्या पेशींच्या काचा, कारण त्यांना दोन दिवस जास्त लागतात, आणि मग जाग्या ठेवायच्या पेशींच्या. हा क्रम त्यांनी स्वतः लावला होता आणि तो कधी चुकला नाही. पेशींना दर दुसऱ्या दिवशी नवं पोषण द्यावं लागतं. ताईंनी कुठलाही सण असो, ते कधी चुकवलं नाही. मी मात्र दोनदा विसरले आहे.

आता खंडेनवमीचं. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची, हत्यारांची पूजा होते. कारखान्यात होते, रिक्षास्टँडवर होते, तशीच संस्थेतही होते. मला त्याचं कौतुक नाही आणि रागही नाही. दरवर्षी मी अंधाऱ्या खोलीत जायचे, सूक्ष्मदर्शकाच्या बुडाला आणि पेशींच्या उबदार कपाटाच्या दाराला हळदकुंकवाचं एकेक बोट टेकवायचे, पेढा खायचे आणि कामाला लागायचे. मी लावायचे, कारण खोलीतली सवाष्ण मी होते.

त्या वर्षी मी आत आले तर सगळी तयारी होती. ताईंनी झेंडूची माळ आणली होती, पाट मांडला होता, त्यावर स्वच्छ पांढरा कपडा आणि कपड्यावर कात्र्या, चिमटे, ड्रॉपर, सगळं ओळीनं लावलं होतं. हळद पाण्यात कालवून वाटीत ठेवलेली. आणि ताई स्वतः दाराशी उभ्या. ताट माझ्यापुढे केलं.

मला काय झालं कोण जाणे. दोन विद्यार्थिनी उभ्या होत्या, त्याचाही थोडा भाग असेल. मी म्हटलं, तुम्ही लावा. हत्यारं तुम्ही वापरता, पूजा तुम्हीच करायची. त्यांनी मान हलवली.

"मी नसते लावत, मॅडम. आमच्यात नाय चालत."

मग मी बोलले. बरंच बोलले. नवरा आजारानं गेला, हा तुमचा गुन्हा नाही, आपण विज्ञानाच्या खोलीत उभ्या आहोत, आणि इथेसुद्धा हे पाळायचं तर बाहेरच्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं, वगैरे. आजही मला त्यातलं एकही वाक्य चूक वाटत नाही. चूक एवढीच की मला ते बोलताना फार छान वाटत होतं. ताई खाली बघत होत्या. शेवटी त्यांनी ताट पाटाजवळ ठेवलं, पदर खोचला आणि वाटीत बोट बुडवलं.

मी दोन ठिकाणी बोट टेकवून मोकळी व्हायचे. ताईंनी एकही वस्तू सोडली नाही. कात्रीच्या दोन्ही पात्यांना, प्रत्येक ड्रॉपरला, बरणीच्या झाकणाला, आणि पाचही चिमट्यांना, अगदी टोकापर्यंत. सावकाश, एकेकाला, कुणी घाई करत नसताना करावं तसं. बोट कोरडं झालं की परत वाटीत. मी मोबाइलवर फोटो काढला आणि संस्थेच्या ग्रुपवर टाकला. खाली बरेच अंगठे आले.

नंतर ताट धुताना ताईंनी पिवळं झालेलं बोट निरखून बघितलं. मुलीचं लग्न ठरायच्या बेतात होतं, ते मला ठाऊक होतं. नळ बंद करत त्या म्हणाल्या, "लेकीच्या हळदीला आता मीच पयलं बोट लावीन." मी म्हटलं, लावायचंच. नऊ वर्षं त्या बाई प्रत्येक लग्नात स्वयंपाकघरात बसून होत्या, हे मला तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांत मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आईला हे सांगितलं. आई माझ्याकडेच असते, उस्मानपुऱ्यात. आमचं घर मूळचं भिक्षुकीचं, मग कारकुनीचं, आता माझ्यापर्यंत येऊन डॉक्टरेटचं. आईनं ऐकून घेतलं. म्हणाली, चांगलं केलंस. आणि मग म्हणाली, मला नाही कधी म्हणालीस. बाबा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. चैत्रात आपल्याच घरी हळदीकुंकू होतं तेव्हा आई आत डाळ वाटते आणि बायकांना कुंकू मी लावते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं आईनं म्हटलं नाही. ती तसं बोलणारी नाही.

दिवाळीनंतर पुन्हा चित्रं काढायला बसलो आणि आमच्या पेशी उजळल्या.

एरवी तो उजेड इतका फिका असायचा की खरा आहे की यंत्राचीच कुरबुर, यावर आम्ही वाद घालायचो. आता निजलेल्या पेशींच्या काचा यंत्राखाली ठेवल्या की पडद्यावर ठिपके लखलखीत. जाग्या पेशींत कमी. अगदी हवं तसं. मी त्याच महिन्यात यंत्राची मांडणी थोडी बदलली होती, त्यातलं एक भिंग नवीन बसवलं होतं. श्रेय घ्यायला तेवढं पुरे होतं. एक गोष्ट खटकत होती. तो उजेड टिकत नसे. प्रकाशाखाली दोनतीन मिनिटं ठेवलं की विरून जायचा. मी त्याचीही एक छान उपपत्ती लावली, की निजलेली पेशी प्रकाशानं जागी होऊ बघते. उन्हात टाकल्यावर कपड्यावरचा कुठला डाग उडून जातो, हे मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. मीही मराठी घरातच वाढले आहे.

आमच्या विभागप्रमुखांना मी चित्रं दाखवली. सर म्हातारे, निवृत्तीला आलेले, स्वभावानं सावध. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, घाई करू नका, अजून दोन महिने बघा. मी म्हटलं, सर, एवढं स्वच्छ दिसतंय. ते हसले आणि म्हणाले, पी हळद आणि हो गोरी असं नसतं आपल्याकडे. ही म्हण त्यांनी अगदी सहज वापरली होती.

मी घाई केली. लेख लिहिला, पाठवला, छापून यायच्या आधीच सगळ्यांना वाचायला खुला ठेवला. पुढचं अनुदान त्याच्यावर मागितलं. ताईंना नोकरीत कायम करण्याचा प्रस्तावही त्याच फाईलमध्ये घातला, आणि हे मी चांगल्या मनानं केलं होतं, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते. ताईंना त्यातलं शास्त्र कळत होतं तेवढं कळत होतं, पण आपल्या हातच्या काचा उजळल्या याचा त्यांना आनंद होता. डबा खाताना एकदा म्हणाल्या की पूजा लागू पडली. त्या कधी थट्टा करत नसत, पण मला ती थट्टा वाटली.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं आमची पद्धत करून बघितली. त्यांना काही दिसेना. त्यांनी काचा बदलल्या, पेशी बदलल्या, तरी नाही. तिथल्या बाईंनी अतिशय सभ्य भाषेत पत्र लिहिलं. शेवटी एक साधी विनंती होती: तुमच्याकडची पेशी नसलेली रिकामी काच त्याच यंत्राखाली ठेवून तिचं चित्र पाठवाल का?

असलं चित्र प्रत्येक वेळी नव्यानं काढायचं असतं. ते मी विद्यार्थ्यांना शिकवते. आणि ते मी काढलेलं नव्हतं, म्हणजे फार पूर्वी काढलं होतं, खंडेनवमीच्या आधी, आणि तेच वापरत होते. मी ताईंना म्हटलं, नेहमीसारख्याच काचा लावा, फक्त पेशी घालू नका, नुसतं पोषण घाला. त्यांनी लावल्या. दुपारी काळा पडदा ओढून मी पहिली काच यंत्राखाली ठेवली.

पेशी नव्हत्या, आणि उजेड होता.

दुसरी काच ठेवली. तिच्यातही होता, जरा कमी. सहावीत जवळजवळ नव्हता. पहिलीत जास्त, मग उतरत उतरत. मी स्टुलावर बसून राहिले. बाहेर ताई कुणाशी तरी फोनवर मांडववाल्याची तारीख ठरवत होत्या, ते ऐकू येत होतं.

शोधायला दोन दिवस लागले. पोषण तपासलं, काचा तपासल्या, हातमोजे तपासले. शेवटी तपकिरी बरणीतला स्पिरिटचा एक थेंब घेऊन यंत्राखाली ठेवला आणि पडदा पिवळसर हिरव्या उजेडानं भरून गेला. हळद पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटात विरघळते. पूजा झाल्यावर ताईंनी चिमटे पुसले आणि नेहमीप्रमाणे बरणीत टाकले. मीच म्हटलं होतं, स्पिरिटात बुडवलं की सगळं स्वच्छ होतं. बरणी रिकामी कधी झालीच नाही, वरून भरत गेलो. रोज काचा लावताना चिमटा एकदा बुडवायचा, झटकायचा. पहिल्या काचांना ओला चिमटा लागायचा, पुढे पुढे वाळत जायचा. आणि पहिल्या काचा निजलेल्या पेशींच्या. रंग न लावता बघायचं म्हणून चार महिने मी हळदीनं रंगवलेल्या पेशी बघत होते.

हे मी ताईंना स्वतः सांगितलं. दाराला कडी लावून, समोर बसवून. त्यांनी बरणीकडे बघितलं. मी समजावलं की यात कुणाचा दोष नाही, असलाच तर माझा. हळद कुणीही लावली असती तरी ती विरघळलीच असती, हळदीला माणूस कळत नाही. मग त्या म्हणाल्या,

"मागल्या साली तुम्ही लावली व्हती, मॅडम. तवा काय बी झालं नाय."

मी म्हटलं, मी चिमट्यांना लावली नव्हती, नुसती यंत्राला बोट टेकवलं होतं. त्या म्हणाल्या, व्हय. पण तो व्हय पटलं म्हणून नव्हता, वाद नको म्हणून होता. आणि खरं सांगायचं तर त्यांची तुलना माझ्यापेक्षा सरळ होती. एक साल सवाष्णीचा हात, एक साल विधवेचा, बाकी खोली तीच. मी चार महिन्यांत एवढंही करून बघितलं नव्हतं. मी आणखी बोलू लागले तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, पेशींचं पोषण बदलायची वेळ झाली.

लेख परत घेतला. अनुदानाची समिती बसली. सरांनी मला एक टिपण लिहायला सांगितलं, काय घडलं आणि कशामुळे. ते टिपण मला तोंडपाठ आहे. त्यात एक वाक्य आहे: 'सहायकांकडून धार्मिक विधीच्या वेळी उपकरणांना अनवधानाने हळद लागल्याने दूषण झाले.' खोटं काहीच नाही त्यात. सहायकांकडूनच लागली. विधीच्याच वेळी. मी सांगितलं म्हणून, मी भाषण दिलं म्हणून, त्या नको म्हणत असताना, हे त्या वाक्यात मावत नव्हतं आणि मी मावू दिलं नाही. एका विद्यार्थिनीचं शेवटचं वर्ष होतं, दुसरीचं पहिलं. प्रकल्प माझ्या नावावर होता, तो बंद पडला असता तर दोघी उघड्यावर आल्या असत्या. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली आणि ती कारणं खरी आहेत. पण लिहिताना मला भीती वाटत होती ती त्या मुलींसाठी नव्हती, माझ्यासाठीच होती. समितीत कुणीतरी ग्रुपवरचा फोटो उघडून दाखवला. फोटोत ताई होत्या, हातात वाटी, बोट चिमट्यावर. फोटो काढणारी कुठल्याच फोटोत नसते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं अगदी शांतपणे होतं. कुणी ताईंना बोललं नाही. अकरा महिने भरले आणि पुढचं पत्र निघालं नाही, एवढंच. कायम करण्याचा प्रस्ताव फाईलमधून कधी निघाला ते मला माहीत नाही. टिपणात काय आहे ते ताईंना ठाऊक होतं. कार्यालयातल्या कारकून बाईंनी वाचून दाखवलं, असं पुढे कळलं. शेवटच्या दिवशी ताईंनी पेशींचं पोषण बदललं, कुठल्या बशीला पुढचं कधी द्यायचं ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं आणि विद्यार्थिनींना दोनदा वाचून दाखवलं. माझ्याशी बोलल्या त्या फक्त मुलीच्या लग्नाबद्दल. आदल्या दिवशीच्या हळदीला यायचंच, म्हणाल्या. मला वाटलं तेव्हा तरी मी काहीतरी बोलेन. मी तारीख विचारली आणि मोबाइलमध्ये टाकली.

त्या पेशी ताईंच्या मागे तीन आठवडे जगल्या.

हळदीला मी गेले. जाऊ नये असं फार वाटत होतं, म्हणून गेले. चितेगावात, आतल्या गल्लीत, दोन खोल्यांचं घर, दारात मांडव. ताई आता जवळच्याच एका कंपनीत खोकी भरायच्या कामाला होत्या. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला, आणि ते मला जास्त जड गेलं. खुर्ची आणवली, पाणी दिलं, नात्यातल्या बायकांना सांगितलं, या आमच्या मॅडम, यांच्याकडं व्हते मी. पोरगी पाटावर बसली होती. आईसारखीच सरळ बसायची, बी.एस्सी. झालेली, डोळे हसरे. बायका गाणी म्हणत होत्या. ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभ्या, हाताला पीठ.

पोरीनंच हाक मारली. मम्मी, तू ये, आधी तू लाव. मला वाटलं होतं बायका कुजबुजतील. तसं काही झालं नाही. थोरली जाऊ म्हणाली, जा की, आता कोण धरतंय हे. एक म्हातारी, बहुतेक ताईंची चुलत सासू, तीसुद्धा म्हणाली, तुझीच लेक हाय, लाव. कुणाची ना नव्हती. आख्खा मांडव वाट बघत होता. ताईंनी हात पुसले नाहीत.

"नाय," त्या म्हणाल्या. "मॅडमला इचारा. मॅडमच्या मशीनमधी दिसलं व्हतं."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी बोलले. हळद स्पिरिटात विरघळते, हे सांगितलं. चिमटा, बरणी, सगळं सांगितलं. त्यांची चूक नव्हती, मीच लावायला लावली होती, हेही सांगितलं. समितीपुढे जे वाक्य मावलं नव्हतं ते चितेगावच्या मांडवात मोठ्यानं म्हटलं. बायकांनी आदरानं ऐकलं. शिकलेली बाई एवढं बोलते म्हणजे काहीतरी झालंच असणार, एवढंच त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. पोरीची मान खाली गेली होती. कुणीतरी म्हणालं, मुहूर्त निघून चाललाय. मग थोरल्या जावेनं हळदीची वाटी उचलली, पोरीला काही विचारलं नाही, सरळ माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, तुम्हीच लावा मग पयलं बोट, तुम्ही तिला आईसारख्याच.

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, लावा म्हणून.

मी वाटीत बोट बुडवलं आणि त्यांच्या मुलीच्या गालाला हळद लावली. दुसऱ्या गालाला. कपाळाला. हातांना, पायांना. उंबऱ्यातून ताई बघत होत्या, कुठे जागा सुटत नाही ना ते. डाव्या पायाचा अंगठा राहिला होता. तो त्यांनी मला बोटानं दाखवला.